दुसऱ्याच्या गोष्टीवर आपलं नाव

पत्र थोडक्यात असं: नाशिकच्या एक वाचक, वय ४१, शाळेत अर्धवेळ शिकवतात आणि मुलांसाठी लिहितात. दिवाळी अंकांतून, मासिकांतून बऱ्याच कथा आल्या आहेत, पुस्तक मात्र एकही नाही. स्वतःची किशोर-कादंबरी ८ वर्षांपासून निम्मी लिहून पडली आहे. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका अ‍ॅनिमेशन कंपनीनं विचारलं, आमच्या ३ चित्रपटांच्या पटकथांवरून मुलांसाठी मराठी पुस्तकं लिहून द्याल का? प्रत्येकी साधारण १०० पानं, दर पुस्तकाला ६ आठवडे, एकरकमी मानधन, सगळे हक्क कंपनीचे, लेखिकेचं नाव आतल्या पानावर. नवरा म्हणतो, घे. साहित्य मंडळातली जुनी मैत्रीण म्हणते, ‘दुसऱ्याची उष्टी गोष्ट लिहून कुणी लेखक होत नाही, आणि एकदा शिक्का बसला की पुसत नाही.’ काम घ्यावं का, टोपणनावानं लिहावं का, आणि या सगळ्यात आपल्या कादंबरीचं काय होईल, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मैत्रिणीचं ते वाक्य तुम्हाला किती लागलंय, हे पत्रावरूनच कळतं. मानधनाचा आकडा तुम्ही एकदाच लिहिलाय, ‘उष्टी गोष्ट’ मात्र तीन ठिकाणी आली आहे. म्हणून आधी तिच्याकडे वळते, पैसे आणि करार नंतर. (आकडा इथे छापत नाही. कमी आहे, एवढंच सांगते.)

लेखकांच्या दोन पंगती असतात, आपली गोष्ट लिहिणाऱ्यांची वेगळी आणि दुसऱ्याची लिहिणाऱ्यांची वेगळी, असं मैत्रिणीनं धरून चाललंय. तुम्हीही ते न तपासता मान्य केलंत. मुलांच्या साहित्यात तर ही वाटणी कधीच नीट टिकलेली नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या आणि फास्टर फेणेही त्यांनीच लिहिला. व्हर्न आणला म्हणून फेणे कुणाला उणा वाटला नाही.

पण तुमचं काम त्याहून वेगळं आहे. पडद्यावरची गोष्ट कागदावर उतरवायची, तीही कंपनीच्या मुदतीत आणि कंपनीच्या मर्जीनं. या कामात अख्खी हयात घालवलेला एक माणूस मला माहीत आहे, त्याच्याबद्दल सांगते. टेरन्स डिक्स हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसेल. जन्म १९३५चा, पूर्व लंडनच्या ईस्ट हॅम भागातला. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले, दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा केली, मग जाहिरातीच्या धंद्यात कॉपीरायटर झाले. नोकरी सांभाळून रेडिओसाठी लिहायचे. माल्कम हल्क नावाच्या एका पटकथालेखकाच्या घरी भाड्यानं राहत होते. त्या ओळखीतून दोघांनी मिळून टीव्हीसाठी लिहायला सुरुवात केली. १९६८मध्ये डिक्स बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या काळ-अवकाशात भटकणाऱ्या डॉक्टरच्या मालिकेत सहायक पटकथा-संपादक म्हणून लागले आणि लवकरच मुख्य पटकथा-संपादक झाले. दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करायच्या, अडलेल्या सोडवायच्या, वेळेत उरकायच्या, हे काम त्यांनी १९७४पर्यंत केलं.

१९७३मध्ये ‘टार्गेट’ या नव्या बालपुस्तक-मालेनं या मालिकेच्या कथांवर पुस्तकं काढायचं ठरवलं. मूळ पटकथाकारांना आधी विचारलं जायचं. ज्यांना वेळ नसे किंवा त्या पैशांत परवडत नसे, त्यांच्या कथा डिक्स लिहायचे. त्यांचं पहिलं पुस्तक जानेवारी १९७४मध्ये आलं, आणि पुढच्या वर्षांत त्यांनी अशी ६०हून जास्त पुस्तकं लिहिली.

तेव्हा घरात व्हिडिओ नव्हता. शनिवारी संध्याकाळी भाग चुकला की चुकला. पुनःप्रक्षेपण क्वचित, आणि टेप पुन्हा वापरता याव्यात किंवा जागा व्हावी म्हणून बीबीसीनं जुने कितीतरी भाग पुसून टाकले. जी गोष्ट मुलांनी पाहिलीच नव्हती किंवा परत कधी पाहता येणार नव्हती, ती त्यांना मिळाली ती डिक्स यांच्या सव्वाशे-दीडशे पानी पुस्तकांतून. तिथले आज पन्नाशी-साठीतले कितीतरी लेखक सांगतात की आपण स्वतःहून वाचायला लागलो ते या पुस्तकांमुळे. मैत्रिणीला हे सांगून काही फरक पडेल असं वाटत नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं.

आता त्यांनी नेमकं काय केलं ते बघा, कारण तुम्हालाही तेच करायचं आहे.

त्यांचं पहिलं पुस्तक १९७०मध्ये दाखवलेल्या एका कथेवर होतं. मूळ पटकथा रॉबर्ट होम्स यांची. दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होतात आणि शेवटी त्यांच्यामागचा परग्रहावरचा राक्षस समोर येतो. टीव्हीवर पैसे तुटपुंजे. राक्षस म्हणून दिसले ते काही लवलवणारे खोटे बाहू, आणि डॉक्टरचं काम करणारे जॉन पर्ट्वी ते स्वतःच्याच गळ्याभोवती धरून डोळे फिरवत गुदमरल्याचा अभिनय करतायत. पुस्तकात डिक्स यांनी तो प्रसंग गाळला नाही की त्याची थट्टाही केली नाही. कोळी, खेकडा आणि ऑक्टोपस यांच्या मधलं काहीतरी, असा एक अवाढव्य प्राणी उभा केला. कथा तीच, प्रसंग तोच, पण वाचणाऱ्या मुलाला जे दिसलं ते स्टुडिओला परवडणारं नव्हतं.

दुसरं उदाहरण १९७७चं. टेरी नेशन यांच्या १९६४च्या एका कथेत सुरुवातीलाच उजाड लंडन दिसतं आणि डोक्यावर धातूचं यंत्र बसवलेला एक माणूस अडखळत नदीकडे जातो. डिक्स यांच्या पुस्तकाची पहिली ओळ साधारण अशी आहे की शहराच्या भग्नावशेषातून माणसाचा एक भग्नावशेष चालला होता. शहर आणि माणूस, दोघांची एकच गत, एका वाक्यात. कथा नेशन यांची असली तरी हे वाक्य डिक्स यांचंच. ‘डॉक्टर हू’ची पुस्तकं वाचत वाढलेल्यांना ते आजही पाठ असतं.

आणि त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याचं, हल्क यांचं उदाहरण अजून वेगळं. जमिनीखाली लाखो वर्षं झोपून राहिलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका बुद्धिमान जमातीची कथा त्यांनी टीव्हीसाठी लिहिली होती. १९७४मध्ये तिचं पुस्तक करताना त्यांनी सुरुवात केली ती त्या जमातीच्या आतून. आकाशातून एक छोटा ग्रह जवळ येतोय, सगळे आसऱ्याच्या जागी उतरतायत आणि पुढे काय होणार याची त्यांना धास्ती आहे. टीव्हीवर जे ‘राक्षस’ होते ते पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातच शेजारी वाटायला लागतात. हे करायला हल्कना नवी कथा लागली नाही. ती कुणाच्या डोळ्यांनी सांगायची, एवढंच त्यांनी बदललं.

म्हणजे या कामात लेखकाला जागा असते. घ्यायची की नाही, ते लेखकावर.

मैत्रीण अगदीच चुकीची आहे असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी डिक्स यांचा वेग असा होता की काही वर्षी दर दीड-दोन महिन्यांनी एक पुस्तक. त्यातली कितीतरी पातळ आहेत. पटकथेतले संवाद, त्यांना ‘तो म्हणाला’, ‘ती ओरडली’ जोडलेलं, मधे दाराचं आणि बोळाचं वर्णन. त्यांचे चाहतेही हे मान्य करतात. तुम्हाला दर पुस्तकाला ६ आठवडे दिले आहेत, तेव्हा हा धोका तुमच्यासमोरही आहे.

शिक्क्याचं म्हणाल तर तोही बसतो. डिक्स यांनी स्वतःची मुलांची पुस्तकं भरपूर लिहिली. १९७६मध्ये कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांवर तीन साहसकथा. १९७८पासून लंडनमधल्या चार मुलांच्या गुप्तहेर टोळीची १० पुस्तकं. एका टेडी बेअरची माला, गोलायथ नावाच्या कुत्र्याची माला, भुतांच्या गोष्टी, लहानांसाठी माहितीपर पुस्तकं. ऐंशीच्या दशकात बीबीसीवर रविवारी दाखवल्या जाणाऱ्या अभिजात कादंबऱ्यांच्या मालिकांचे ते आधी पटकथा-संपादक आणि मग निर्माते होते. इतकं सगळं करूनही २०१९च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा मृत्युलेखांचे मथळे ‘डॉक्टर हू’चेच होते. टेडी बेअरला जागा मिळाली ती खालच्या परिच्छेदात.

यावरून तुम्ही काय घ्यायचं? मी असं बघते: त्यांची स्वतःची पुस्तकं या कामाच्या आधी आलेली नाहीत, सगळी नंतरची आहेत. ठरलेल्या पानांत गोष्ट बसवायची, प्रकरण कुठे तोडायचं, दहा वर्षांचा वाचक कुठल्या ओळीला पुस्तक मिटेल, हे त्यांना हाताला बसलं ते दुसऱ्यांच्या गोष्टी लिहिताना. प्रकाशक त्यांना ओळखायला लागले तेही त्यामुळेच. शिक्का बसला आणि त्याच्या जोरावर दारंही उघडली. तुम्हाला दोन्ही एकत्रच घ्यावं लागेल. ज्यांना स्वतःच्या नावाभोवती काही विशिष्ट वलय हवं असतं त्यांनी हे काम घेऊ नये, आणि तसं हवं असण्यात वाईटही काही नाही. पण तुमच्या पत्रात वलयाची हौस कुठे दिसली नाही. मैत्रिणीसमोर मान खाली जाईल ही भीती तेवढी दिसली.

आता कादंबरीचं. थोडं स्पष्ट बोलते, रागावू नका. ती ८ वर्षं अडली आहे आणि कंपनीचा फोन गेल्या महिन्यात आलाय. म्हणजे ती या कामामुळे अडलेली नाही. नकार दिलात तर या तिन्ही पुस्तकांना लागणाऱ्या १८ आठवड्यांत ती पुरी होईल असं तुम्हाला खरंच वाटतं का? वाटत असेल, पुढची प्रकरणं डोक्यात तयार असतील, तर बेलाशक नकार द्या. पण मधला भाग कसा न्यायचा हे कळत नाही म्हणून ती थांबली असेल (तुम्ही लिहिलंय, ‘मुलगी वाड्यात शिरते आणि मग मला काही सुचत नाही’), तर दुसऱ्यानं आधीच रचून ठेवलेली गोष्ट शेवटपर्यंत लिहून काढणं यासारखी तालीम नाही. सुरुवात, मध्य, शेवट आयते मिळतात. तुम्हाला फक्त लिहायचं असतं, आणि शंभराव्या पानावर पोचायचंच असतं. कथाकाराला नेमकी ही सवय नसते, आठ-दहा पानांत त्याचं काम संपतं.

म्हणून माझा सल्ला असा की काम घ्या, पण तिन्ही एकदम घेऊ नका. एका पुस्तकाचा करार करा आणि पुढच्या दोन पुस्तकांसाठी आधी तुम्हालाच विचारावं असं लिहून घ्या. पहिलं हातावेगळं झालं की दोन महिने कादंबरीला द्या. तेव्हाही ती हलली नाही तर निदान तुम्हाला कळेल की अडचण वेळेची नव्हती.

लिहायला बसण्याआधी पटकथा कुठल्या तारखेची आहे ते विचारा. चित्रपट संकलनात बदलतो, प्रसंग उडतात, शेवट फिरतात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा जुना खर्डा असतो. पात्रांची रेखाटनं, रंग, कपडे मागून घ्या, नाहीतर पडद्यावर निळी असलेली बकरी तुमच्या पुस्तकात पांढरी निघेल आणि पहिलं पत्र एखाद्या सात वर्षांच्या वाचकाचं येईल. अ‍ॅनिमेशनची एक खास पंचाईत असते. त्यातला निम्मा विनोद डोळ्यांचा असतो. बादली डोक्यात अडकली, पाय घसरला, केळं, भिंत, धाडकन. पडद्यावर मुलं लोळतात, कागदावर ते पोलिसाच्या पंचनाम्यासारखं वाचलं जातं. असे प्रसंग दोन ओळींत उरका आणि विनोद सांगणाऱ्याच्या आवाजात आणा. पाठलागाचंही तेच. पडद्यावरच्या पाच मिनिटांच्या पाठलागाला कागदावर अर्धं पान पुरे. उलट जिथे कॅमेरा नुसता एका चेहऱ्यावर थांबलाय तिथे तुम्ही तीन पानं थांबू शकता. हल्कनी केलं तसं एखादं प्रकरण खलनायकाच्या किंवा बकरीच्या बाजूनं लिहून बघा, आणि कंपनीला आधी न विचारता नमुना म्हणून तेच पाठवा. परवानगी मागितली तर ‘नको’ येईल. लिहिलेलं वाचलं तर बहुधा ‘चालेल’ येईल.

करार. इथे मी तुमच्या नवऱ्याच्या ‘घे’शी सहमत नाही. आहे तशा कागदावर सही करू नका.

तुम्ही कंपनीच्या नोकरीत नाही. अशा वेळी कॉपीराइट कायदा, १९५७प्रमाणे तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क तुमचाच असतो. गोष्ट आणि पात्रं कंपनीची असल्यानं तुम्ही ते पुस्तक परस्पर छापू शकणार नाही, हेही तितकंच खरं. पण मजकुराचे हक्क त्यांना हवे असतील तर ते तुमच्याकडून लेखी आणि सहीनिशीच घ्यावे लागतात. त्यात कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणून ‘सगळे हक्क’ या दोन शब्दांवर घाईनं सही करायची नसते. मराठी छापील पुस्तकाचे हक्क द्या. ई-बुक, ऑडिओबुक आणि हिंदी-इंग्रजी भाषांतर यांचे वेगळे पैसे लावा. तुमच्या मराठी मजकुरावरून उद्या हिंदी पुस्तक निघालं तर त्यात तुमचं श्रेय असतंच. एकरकमी मानधन पहिल्या आवृत्तीपुरतं ठेवा, पुढच्या आवृत्त्यांवर टक्केवारी मागा. मिळेलच असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळणार. मागितल्यावर निदान एकरकमी आकडा वर सरकतो, आणि तुमचा आकडा सरकायलाच हवा.

आणखी एक कलम, जे लोकांच्या डोक्यात येत नाही. अ‍ॅलन डीन फॉस्टर हे अमेरिकेतले लेखक. ‘स्टार वॉर्स’चं पहिलं पुस्तक त्यांनी लिहिलं. ते १९७६मध्ये, चित्रपटाच्या आधीच आलं आणि मुखपृष्ठावर नाव होतं चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचं. पुढे १९७९मध्ये ‘एलियन’ चित्रपटाचं पुस्तकही फॉस्टरनी लिहिलं. २०१२मध्ये ‘स्टार वॉर्स’ची कंपनी लुकासफिल्म डिस्नीकडे गेली, २०१९मध्ये ‘एलियन’ काढणाऱ्या फॉक्सचा चित्रपटांचा व्यवसायही. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलं की पुस्तकं विकली जात असताना फॉस्टर यांची रॉयल्टी थांबली आहे आणि डिस्नीचं म्हणणं असं की आम्ही हक्क घेतले, देणी नाही. बराच गाजावाजा झाला आणि फॉस्टर यांचं प्रकरण नंतर मिटलं. तुमच्या कंपनीला अजून कुणी विकत घेतलेलं नाही, पण छोट्या अ‍ॅनिमेशन कंपन्या विकल्या जातात. ‘कंपनीचे हक्क ज्याच्याकडे जातील त्याच्यावर या करारातली देणीही बंधनकारक राहतील’ एवढं एक वाक्य घालून घ्या. वकिलाला दाखवा, त्यासाठी एकदा फी गेली तरी चालेल.

पैसे तीन हप्त्यांत मागा. सहीला, पहिल्या खर्ड्याला आणि मजकूर मंजूर झाल्यावर. ‘प्रकाशनानंतर’ असा हप्ता ठेवू नका, चित्रपट रखडला की पुस्तक रखडतं. मजकूर मंजूर करणारा माणूस एकच असावा आणि दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच. चित्रपटात बदल झाला म्हणून प्रकरणं पुन्हा लिहावी लागली तर त्याचे वेगळे पैसे.

राहिलं नाव. आतल्या पानावर बारीक अक्षरात चालणार नाही, मुखपृष्ठावर हवं. हक्क विकल्यानंतरही ‘हे मी लिहिलं’ असं सांगण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ५७प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. तेव्हा तुम्ही उपकार मागत नाही आहात. आणि टोपणनाव मैत्रिणीपासून लपण्यासाठी घेत असाल तर नका घेऊ. पुढे स्वतःची कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जाल तेव्हा ‘हे माझं छापलेलं पुस्तक’ म्हणून टेबलावर काय ठेवणार?

टोपणनावाची खरी गरज कधी पडते तेही डिक्स यांच्याकडेच सापडतं. ‘डॉक्टर हू’साठी लिहिलेली आणि १९७६मध्ये दाखवलेली त्यांची एक पटकथा नव्या पटकथा-संपादकानं, म्हणजे त्याच रॉबर्ट होम्स यांनी, इतकी बदलली की डिक्स वैतागले. माझं नाव काढा आणि एखादं बेचव टोपणनाव लावा, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर आलं ‘रॉबिन ब्लँड’ (इंग्रजीत ब्लँड म्हणजे बेचव). तेवढी सोय तुमच्याही करारात असू द्या. ‘लेखिकेच्या संमतीशिवाय मजकुरात मोठे बदल केल्यास तिला आपलं नाव काढून घेता येईल, मानधनात कपात होणार नाही.’ कंपनी या कलमावर अडून बसली तर मला पुन्हा लिहा, कारण मग पहिलं पुस्तकही घ्यावं का, याचा वेगळा विचार करावा लागेल.